ओव्हरटाइमच्या आडोशाला

यांच्या फॅक्टरीच्या कपड्यांना गुंड्या नव्हत्या. नाडीचा पायजमा, नाडीचाच सदरा, पायात खिळा नसलेले बूट. बारुदेच्या सेक्शनमध्ये अंगावर धातूचं काही चालत नसे. एक ठिणगी उडाली तर अख्खा शेड जायचा. म्हणून सकाळी गेटच्या आत एका लांब खोलीत सगळ्यांनी घरचे कपडे उतरवायचे आणि फॅक्टरीचे चढवायचे. संध्याकाळी त्याच खोलीत नळाखाली अंगावरची पिवळी भुकटी धुवायची आणि पुन्हा घरचे घालून बाहेर पडायचं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात यांनी मला हे मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. मी ऐकलं आणि विसरले. त्या खोलीचा माझ्या संसाराशी काही संबंध असेल, हे मला कसं कळावं?

मी वरुडकडची. सातवीत शाळा सुटली, पुढे दोन वर्षं घरी गाईगुरं नि धाकटी भावंडं सांभाळली, मग लग्न झालं आणि गोंदियाहून छोट्या लाईनच्या गाडीत बसून जबलपूरला आले. चीनची लढाई नुकतीच होऊन गेली होती. फॅक्टरीत माणसं भरती होत होती, त्यातच यांना नोकरी लागली होती. आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं, गल्लीत सगळ्यांचा नळ, आणि बटण दाबलं की उजेड! माझ्या माहेरी रॉकेलची चिमणी होती. मला सगळ्याचीच भीती वाटे, फॅक्टरीच्या भोंग्याची, बाजारातल्या भरभर हिंदीची, दारावर आलेल्या पोस्टमनचीसुद्धा. पण त्या भीतीखाली एक उपकाराची जाणीव सतत असे. आपल्यासारखीला हे मिळालं, आता आपल्या हातून काही चुकायला नको.

नवरा मिळाला तोही भला. पगाराच्या दिवशी खोव्याची जलेबी आणायचा. मला हिंदी शिकवायचा. कधी आवाज चढवला नाही.

आता जे लिहायचं ते स्पष्टच लिहिते, नाही तर लिहूनच उपयोग नाही.

पहिल्या वेळी हे माझ्याजवळ आले आणि एकदम कण्हून मागे झाले. चादरीवर रक्ताचा ठिपका होता. माझ्या वहिनीनं मला रक्ताबद्दल कानात सांगून ठेवलं होतं, म्हणून मी घाबरले नाही. पण ते रक्त माझं नव्हतं. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला वाटलं, माझ्याच शरीरात काही तरी वाकडं आहे, त्यानं यांना इजा झाली. मी माफी मागितली. कशाची, ते मला माहीत नव्हतं.

“तुझं काही नाही,” हे म्हणाले.

खरं तेच सांगितलं होतं त्यांनी. मी समजले, माझ्या समाधानासाठी म्हणून राहिले आहेत.

पुढच्या काही महिन्यांत आणखी दोनचारदा तसंच झालं. मग यांनी प्रयत्न सोडला, आणि मी विचारायचं धाडस कधी केलंच नाही. आम्ही एकमेकांशी फार चांगले वागत होतो. पाहुणा आणि यजमान वागतात तसे.

मग पाकिस्तानची लढाई लागली. खिडक्यांच्या काचांवर काळा कागद चिकटवला, आणि फॅक्टरी रात्रंदिवस चालू झाली. ओव्हरटाइम मागेल त्याला होता, आणि हे सगळ्यात आधी मागणाऱ्यांतले. घरी येऊन जेवायचे, झोपायचे, की पुन्हा सायकलवर. नळावर बायका माझी थट्टा करायच्या.

“क्यों भाभी, अभी तक कुछ नहीं?”

“अरे, भैया को फॅक्टरी से छुट्टी मिले तब ना! ऐसे कैसे होगा? चिट्ठी से?”

सगळ्या हसायच्या, आणि मीही हसायची. मला त्या थट्टेचा केवढा आधार होता ते सांगता येत नाही. मूल काहून नाही याचं उत्तर गल्लीनं स्वतःच शोधून दिलं होतं, आणि ते इज्जतीचं होतं. माणूस देशासाठी राबून राहिला आहे. सीमेवर पोरं मरत होती, आमच्याच लाईनीतल्या एका घरी तार आली होती, आणि मी मनात म्हणायची, देवा, हा ओव्हरटाइम एवढ्यात बंद होऊ देऊ नको. असं मनात आल्याचं आजही वाईट वाटतं.

लढाई संपली. ओव्हरटाइम हळूहळू आटला. संध्याकाळी सगळ्यांचे नवरे वेळेवर घरी येऊ लागले, आणि आमच्या आडोशाची भिंतच पडली. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर गावाहून आत्याबाई आल्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात.

आत्याबाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं. आल्या दिवशी त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरून पाहिलं आणि म्हणाल्या, “पोरी, तू काहून वाळून राहिली वं? खाते का नाही?” दुसऱ्या दिवशी त्यांनी नवस बोलला. नातवाचं तोंड पाहीन तेव्हाच पायात चप्पल घालीन. आणि खरंच काढून ठेवली. जबलपूरच्या फाल्गुनातल्या उन्हात ती बाई अनवाणी बाजारात जायची आणि तळपायांना खोबरेल लावत बसायची. तिच्या पायांकडे पाहिलं की मला माझंच पोट टोचायचं.

मग उपाय सुरू झाले. कोणीतरी एक सुईण सांगितली, जवळच्या कुंडम गावाकडची. तिनं माझ्या पोटावर हात फिरवला आणि म्हणाली, कोठा सरक गया है, म्हणजे गर्भाशय जागेवर नाही. ती आठवड्यातून एकदा यायची, मला जमिनीवर निजवून एरंडेलाच्या हातांनी ओटीपोट वर ढकलायची. दुखून माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं. आत्याबाई उशाशी बसून माझं कपाळ पुसायच्या. “सोस माय, थोडं सोस. तुयाच भल्यासाठी आहे.” त्याशिवाय सकाळी एक कडू काढा, आणि पौर्णिमेला ग्वारीघाटावर नर्मदेत डुबकी. मी सगळं केलं. खोटं वाटत असूनही केलं असं म्हणणार नाही. मला खरंच वाटत होतं की माझा कोठा सरकला आहे.

हे त्या वेळी घरात नसायचे. सुईण यायची त्या दिवशी यांना नेमकी कोणाच्या तरी बदलीची ड्यूटी असायची.

एक दिवस आत्याबाई यांना म्हणाल्या, मला ऐकू जाईल अशाच म्हणाल्या, “अखजीपर्यंत पाहू. नाही तर पोरीले तिच्या मायकडे नेऊन घालतो. तिचं वाईट नाही चिंतत मी, पण वंश का बुडवाचा हाय?”

“माय, सरकारी नोकरी आहे. एक असताना दुसरी करता येत नाही. नोकरी जाईल.”

“म्हणूनच म्हणून राहिली. रीतसर फारकत घे.”

मी चुलीपुढे होते. वाट पाहत होते की हे पुढे काय म्हणतात. हे उठले आणि सायकलची चेन पुसत बसले.

अखजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली तेव्हा आत्याबाईंनाच वाटलं की जाता जाता एकदा लेडी डॉक्टरला दाखवावं, म्हणजे माहेरच्यांनी बोल लावायला नको. त्या मला घेऊन गेल्या आणि अनवाणी पायांनी दवाखान्याच्या तापलेल्या व्हरांड्यात बसून राहिल्या. मी आत गेले.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, केस आखूड कापलेले. तपासायच्या टेबलाकडे बोट दाखवायच्या आधी त्यांनी कागद बाजूला सारला आणि विचारलं, “पहले ये बताओ, पति-पत्नी के बीच सब ठीक होता है?”

मी म्हटलं, “जी, ओव्हरटाइम चलता था.”

“वो तो ठीक है, बेटा. जब नहीं चलता था तब?”

त्या थांबल्या. घाई केली नाही, दुसऱ्या पेशंटला हाक मारली नाही. मग मी सांगितलं, माझ्या मोडक्या हिंदीत, जमिनीकडे पाहत. रक्ताचा ठिपका, कण्हणं, भिंतीकडे तोंड. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला सांगत होते. ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

“और इतने दिन से पेट तुम्हारा मलवा रहे हैं?”

मग त्यांनी अगदी सोप्या शब्दांत समजावलं. काही पुरुषांची पुढची कातडी जन्मापासून तंग असते, मागे सरकत नाही. ओढली की फाटते, रक्त येतं, भयंकर दुखतं. त्यात ना कोणाचं पाप, ना कोणाचा दोष. छोटंसं ऑपरेशन असतं. “तुम्हारे आदमी को बिना देखे पक्का नहीं कह सकती. पर तुममें ख़राबी ढूँढ़ना आज से बंद. उसको लेकर आओ.”

मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी मला उठवलं आणि जरा रागावूनच म्हणाल्या, “पैर मत पड़ो, उसको लाओ.”

बाहेर आत्याबाई उभ्या राहिल्या. “काय म्हणाली?”

“ताकदीच्या गोळ्या सांगितल्या,” मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

रविवारी मी यांना म्हटलं, मला घाटावर घेऊन चला. आत्याबाईंना वाटलं डुबकीसाठी. मी सायकलच्या कॅरिअरवर बसले. एकमेकांची तोंडं दिसणार नाहीत, म्हणूनच मी ती जागा निवडली होती. यांच्या पाठीकडे पाहत मी डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं, न थांबता, पाठ केलेली कविता म्हणावी तसं. सायकल चालतच राहिली. पुढे बघतच हे बोलले.

“तिला दाखवायची गरज नाही. मला माहीत आहे काय करावं लागते.”

“कसं माहीत?”

“दाखवलं होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी. इथं नाही, सिहोऱ्याला. बसनं गेलो होतो, म्हणजे कोणी ओळखीचं भेटायला नको. त्यानं हेच सांगितलं. दहा मिनिटांचं काम म्हणाला.”

मी कॅरिअरवरून उतरले. उतरले म्हणजे उडीच मारली, साडीचा काठ फाटला. हे सायकल धरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

“मग काहून नाही केलं?”

तेव्हा त्यांनी ती कपडे बदलायची खोली पुन्हा सांगितली. तिथे चाळीसपन्नास माणसं एकमेकांसमोर कपडे उतरवतात, लंगोट बदलतात, नळाखाली बसतात. अशा ऑपरेशननंतर माणूस कसा दिसतो ते सगळ्यांना ठाऊक. मुसलमान पोरांची सुन्ता होते तसाच. आणि मग लढाई लागली. रोज अफवा. आज हेर पकडला, उद्या पकडला. कोणीतरी त्या खोलीत मोठ्यानं म्हणायचं, “कपड़े उतरवा के देख लो सालों के, सब पता चल जाएगा.” सगळे हसायचे. हेही हसायचे.

“मी बारुदेवर आहे. उद्या कोणी म्हणालं, हा काल असा नव्हता, आज असा कसा झाला? कोण हा, कुठून आला? काय सांगू मी? डॉक्टरची चिठ्ठी गळ्यात घालून फिरू?”

“मला सांगायचं होतं.”

“काय सांगू? माझ्यात खोट आहे म्हणून?”

“ती बाई माझं पोट चोळून राहिली होती. तुम्ही पाहिलं होतं ना?”

“पाहिलं नाही,” हे म्हणाले. “मी त्या दिवशी ड्यूटी मागून घ्यायचो.”

एवढं बोलून हे रस्त्यावरच रडायला लागले. भाजीची हातगाडी घेऊन एक जण जात होता. तो थांबून म्हणाला, “क्या हुआ भैया, गिर गए क्या?” मी म्हटलं, “हाँ, गिर गए.” तो बिचारा सायकल पाहायला लागला, चाक फिरवून दाखवलं, म्हणाला, कुछ नहीं, सब सीधा है.

मला राग होता. पुढे पुष्कळ वर्षं तो अधूनमधून वर यायचा, भाजी चिरताना, काहीच कारण नसताना. पण त्या क्षणी मला दिसत होती ती फक्त अखजी. मी म्हटलं, “तुम्हाला मला माहेरी घालायचं असेल तर घाला. पण खोटं कारण देऊन नाही. मी डॉक्टरीणबाईचं सगळं गावात सांगीन.” मी सांगितलं नसतं. माझ्यात ती हिंमत नव्हती. पण यांना वाटलं मी सांगीन, आणि तेवढं पुरलं.

त्याच आठवड्यात यांनी डॉक्टर गाठला. घरी सांगितलं, हर्निया. ओव्हरटाइममध्ये जड पेट्या उचलून झाला. आत्याबाईंनी लगेच विश्वास ठेवला. पोराच्या उशाशी बसून शिरा भरवला, लढाईला शिव्या दिल्या, आणि या गडबडीत माझं माहेरी जाणं मागे पडलं. डॉक्टर म्हणाला होता, महिनाभर लांब राहा. आम्ही इतकी वर्षं लांब होतो, महिन्याचं काय! पण त्या महिन्यात आम्ही पहिल्यांदा बोललो. दुपारी हे पडून असायचे आणि मी तांदूळ निवडत जवळ बसायची. मला तेव्हा कळलं की त्यांना लहानपणी लघवीला त्रास व्हायचा, कातडी फुगायची, जळजळायचं, आणि त्यांनी कधी आईलाही सांगितलं नव्हतं.

कामावर परत गेले त्या दिवशी मी दिवसभर नळावर पाण्याला गेले नाही. बातमी येईल असं वाटत होतं. संध्याकाळी हे आले, आणि त्यांचा चेहरा विचित्र होता.

“काय झालं?”

“काहीच नाही. कोणाचं लक्षच नाही. सगळे साबण शोधत होते.”

मग म्हणाले, “एकाचं गेलं. आमचा म्हातारा मिस्त्री आहे ना, मुसलमान, त्याचं. पाहिलं, आणि हळूच म्हणाला, डॉक्टर ने किया? अच्छा किया भैया. साफ रखना, आराम रहेगा.”

हे बूट काढता काढता तसेच बसून राहिले. “लढाई चालू होती तेव्हा तो मिस्त्री सगळे गेल्यावर आंघोळ करायचा. एकटा. आम्ही म्हणायचो, म्हातारा सुस्त आहे.”

पुढचं सांगायला फार नाही. पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. आत्याबाईंनी नातीचं तोंड पाहिलं आणि चप्पल घातली. माझ्या आयुष्यात एवढ्या आनंदानं कोणी चप्पल घातलेली मी पाहिली नाही. आणि मग त्या गावाला गेल्या, आणि त्यांनी सगळ्यांना सांगितलं. कुंडमची सुईण, तो काढा, नर्मदेची डुबकी. “आमच्या सुनेले गुण आला.” आम्हीही बाळाला घेऊन बरोबर गेलो होतो, ऐकत होतो. यांनी माझ्याकडे पाहिलं, मी यांच्याकडे. एवढ्या म्हाताऱ्या बाईचा आनंद कशाला मोडायचा, असं आम्ही म्हटलं. खरं तर आमची लाज उघडी पडायला नको होती.

आत्याबाई वारल्यानंतर काही वर्षांनी आम्ही गावी एका लग्नाला गेलो. पंगतीत बाजूला बसलेल्या बायका बोलत होत्या. माझ्या चुलत दिराची बायको दिसली नाही म्हणून मी विचारलं.

“तिले तिच्या माहेरी नेऊन घातलं ना!”

“काहून?”

“लेकरू नाही. सारं केलं. तुमची ती जबलपूरची सुईणसुद्धा बोलावून आणली, तोच काढा पाजला. तुम्हाले गुण आला, तिले नाही आला. तिचं नशीबच खोटं.”

“आणि त्याला कोणी दाखवलं?”

बायका हसल्या. “त्याले काय दाखवाचं? धडधाकट माणूस हाय.”

त्याच्यात काय होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही. कदाचित आमच्यासारखं नसेलही. पण तपासलं तिलाच, आणि उपाय माझ्या नावाचा होता. मी पंगतीतून उठले. मी यांना सांगितलं. हे तिथूनच त्या चुलतभावाकडे गेले. खळ्यात त्याच्याशी बराच वेळ बोलत होते. परत आले तेव्हा म्हणाले, “उशीर झाला. दुसऱ्या सोयरिकीची बोलणी झाली आहेत. तो ऐकायला तयार नाही. म्हणे, भाऊ, तुमचा तर हर्निया होता ना?”

परतीच्या गाडीत हे खिडकीशी बसले होते. नैनपूर मागे गेलं. मग म्हणाले, “आईला सांगायला पाहिजे होतं.”

तिचं पुढे काय झालं, आम्हाला कळलं नाही. विचारायला कोणत्या तोंडानं जाणार? आजही एखाद्या घरी सून काढा पिताना दिसली की मी तिला बाजूला घेते आणि विचारते, त्याला दाखवलं का? काही जणी रागावतात. एकीनं तर माझ्याशी बोलणं सोडलं. पण दोघी घेऊन गेल्या आपापल्या नवऱ्यांना. आजकाल म्हणे काहींचं नुसत्या मलमानंही बरं होतं, कापावं लागत नाही. डॉक्टर पाहून सांगतात.

हे सगळं लिहून झाल्यावर मी यांना वाचायला दिलं, कारण गोष्ट त्यांच्या अंगाची आहे. नको म्हणाले असते तर फाडलं असतं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, दोनदा वाचलं. मला वाटलं, ती रस्त्यावर रडल्याची ओळ काढायला सांगतील.

“एक राहिलं,” म्हणाले.

“काय?”

“तू लिहिलं नाही की दुखत नाही. सुई टोचते तेवढंच. जागा बधिर करतात, मग काही कळत नाही. ते लिही. पोरं त्यालाच भितात.”

म्हणून लिहिते. दुखत नाही.